मातीकामाची कार्यशाळा घेताय? या चुका टाळा

मातीकामाची कार्यशाळा शिकायला येणाऱ्यांना दोन तासांची वाटते, आणि त्यात काही गैर नाही. घेणाऱ्यालाही ती दोन तासांचीच वाटायला लागली, की घोळ सुरू होतो. मंडळी हात धुऊन घरी गेली की वस्तू सुकवायच्या, एकदा भाजायच्या, ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायचं, पुन्हा भाजायच्या आणि ज्याची त्याला परत द्यायच्या. यात तीन-चार आठवडे सहज जातात. बहुतेक तक्रारी या आठवड्यांत उगवतात, पण त्यांचं मूळ त्या दोन तासांत, नाहीतर त्याच्याही आधीच्या आखणीत असतं.

म्हणून आखणी उलटीकडून करा. आधी भट्टी बघा, मग माणसं मोजा, आणि काय शिकवायचं ते सगळ्यात शेवटी ठरवा. पहिल्या भाजणीत, म्हणजे बिस्कमध्ये, वस्तू एकमेकींना टेकवून किंवा एकात एक ठेवल्या तरी चालतं. ग्लेझच्या भाजणीत प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा लागते, नाहीतर वितळलेलं ग्लेझ दोन वस्तूंना कायमचं जोडून टाकतं. वीस जणांनी तीन-तीन वस्तू केल्या की साठ झाल्या. बिस्कला एका खेपेत मावलेल्या साठ वस्तूंना ग्लेझच्या वेळी दोन-तीन खेपा लागू शकतात. ‘प्रत्येकाने एकच वस्तू भाजायला ठेवायची, बाकीची माती बादलीत परत’ हा नियम सुरुवातीलाच सांगितला तर कुणाचं काही बिघडत नाही. शेवटी सांगितला तर लहान मुलं रडतात. मोठी माणसं रडत नाहीत, एवढाच फरक.

चाकाचा मोह

जाहिरातीत फिरतं चाक छान दिसतं, त्यामुळे पहिल्याच कार्यशाळेत चाक ठेवलं जातं. हिशेब करून बघा. नवख्या माणसाला चाकावर काहीतरी उभं करायला पंधरा मिनिटं तरी लागतात. वीस माणसं आणि दोन चाकं म्हणजे अडीच तास, आणि त्यातला बहुतेक वेळ प्रत्येक जण नुसता उभा. लहान मुलांची अडचण आणखी वेगळी. माती चाकाच्या मध्यावर आणायला अंगाचं वजन आणि हाताची ताकद लागते, ती त्यांच्याकडे नसते. मग शिकवणाऱ्याचेच हात वाटी घडवतात आणि मूल वरून बोटं टेकवतं.

माझं मत स्पष्ट आहे: एकदाच होणाऱ्या मुलांच्या किंवा कुटुंबांच्या कार्यशाळेत चाक नकोच. हाताने घडवायला भरपूर आहे. गोळ्यात अंगठा खुपसून चिमटीने वाढवलेली वाटी, वळ्या एकावर एक रचून केलेलं भांडं, लाटलेल्या मातीची तबकडी. मोठ्यांसाठी चाक ठेवायचंच असेल तर माणशी एक चाक आणि एका शिकवणाऱ्यामागे सहा ते आठ जण, एवढाच गट ठेवा. लोकांना चाक फक्त अनुभवायचं असेल तर तसं उघड सांगा आणि ती माती न भाजता बादलीत परत टाका.

पाण्याची वाटी टेबलावर ठेवू नका

हाताने घडवणाऱ्या गटासमोर पाण्याने भरलेली वाटी ठेवली, की तासाभरात निम्म्या टेबलावर चिखल असतो. तडा दिसला की माणूस पाणी लावतो. पाण्याने तडा लपतो, भिंत मात्र मऊ पडून खाली बसते. वाटीऐवजी प्रत्येकाला पिळून घेतलेला ओला स्पंज द्या. बोट स्पंजला लावायचं आणि तडा दाबून बुजवायचा, इतकंच पाणी पुरतं. मुलांच्या हाताच्या उबेनेही माती भराभर सुकते, त्यामुळे ‘माती फुटायला लागली’ अशी हाक आली की तो गोळा बदलून नवा द्या. त्याच गोळ्यावर पाणी ओतून तो परत घडवण्याजोगा होत नाही.

माती आदल्या दिवशी मळून, गोळे करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मुलाला चारशे-पाचशे ग्रॅमचा गोळा पुष्कळ होतो; एकदम किलोभर माती दिली की हमखास भरीव हत्ती तयार होतो. घडवायला गुळगुळीत सनमायकाच्या टेबलाऐवजी प्लायवुडचा तुकडा किंवा जाड कॅनव्हास द्या, म्हणजे माती चिकटणार नाही. मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा, असेल तर जाडजूड वस्तू सुकताना आणि भाजताना कमी तडकतात. मुलांच्या गटाला अशीच माती बरी. चाकावर मात्र तीच माती तळहात सोलून काढते.

एक गोष्ट कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका: बाहेरून आणलेली माती आपल्या भट्टीत घालणं. कमी तापमानाची माती १२२० अंश सेल्सियसच्या भाजणीत फुगते, वितळते आणि शेल्फवर पसरते. हवेत सुकणारी हस्तकलेची माती किंवा पॉलिमर क्ले तर भट्टीसाठी नसतेच. रंगावरून हे सगळं ओळखता येत नाही. मुलं वस्तूत जे हळूच खुपसून ठेवतात तेही तपासा. पानं, बिया, दोरा जळून जातात आणि मागे छान ठसा राहतो. दगड मात्र फुटू शकतात, प्लास्टिकचा विषारी धूर होतो, आणि शिंपल्याचा चुना होतो. भट्टीतून नीट बाहेर आलेला शिंपला काही दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन भुसभुशीत होतो.

कान, शेपटी आणि कपाचा दांडा

कार्यशाळेत सर्वात जास्त काय तुटत असेल तर जोड. ओल्या मातीला ओली माती दाबली की ती चिकटल्यासारखी वाटते, आणि सुकताना सुटते. दोन्ही बाजूंना काट्याने खरवडायचं, त्याच मातीची बोटावर टिकेल इतकी दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावायची, दाबून किंचित हलवायचं आणि कडा बोटाने एकजीव करायच्या. हे नुसतं सांगून भागत नाही. सगळ्यांकडून आधी एका फुकट तुकड्यावर करून घ्या आणि तो तुकडा ओढून बघायला सांगा. दुसरी अट ओलेपणाची. घट्ट झालेल्या कपाला ताजा ओला दांडा लावला तर तो जास्त आकसतो आणि जोडावरच तडकतो.

भट्टीत फुटलं ते हवेच्या बुडबुड्याने नाही

‘माती नीट मळली नाही, आत हवा राहिली म्हणून फुटलं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की शिकवणारेही ते खरं मानतात. मळायला हवंच, कारण बुडबुड्याने चाकावर भिंत वाकडी होते आणि तिथे ती कमजोर राहते. पण स्फोट पाण्याने होतो. १०० अंशांच्या पुढे पाण्याची वाफ होते आणि तिला सुमारे १७०० पट जागा लागते. जाड मातीत अडकलेली वाफ बाहेर पडायची वाट बघत नाही, भिंत फोडून जाते. बुडबुडा असलेली पण खणखणीत सुकलेली वस्तू सुखरूप भाजते. बुडबुडा नसलेली ओली वस्तू फुटते आणि शेजारच्या चार जणांच्या वस्तूंत तिचे तुकडे घुसतात.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही लागतात. पहिला, जाडी. भिंत सेंटिमीटरच्या आत ठेवा. लाटताना दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की सगळ्यांची माती आपोआप सारखी लाटली जाते. भरीव प्राणी थोडे घट्ट झाले की खालून चमच्याने पोखरा आणि वाफ जायला भोक ठेवा. दुसरा, सुकवणं. पहिले दोन-तीन दिवस सैल प्लास्टिकखाली, मग उघड्यावर. उन्हात किंवा पंख्याखाली अजिबात नाही, कारण कडा आधी सुकतात, तळ मागे राहतो आणि वस्तू तिथेच चिरते. सुकलं की नाही हे बघायला वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. तिसरा, भट्टीची सुरुवात. शंका असेल तेव्हा भट्टी ८० ते ९० अंशांवर रात्रभर धरून ठेवा आणि मगच वर न्या. ‘शनिवारी कार्यशाळा, मंगळवारी भाजणी’ असं वेळापत्रक कुणी मागितलं तर नाही म्हणा.

तरीही काही ना काही बिघडतंच. टाकून देण्याआधी तुकडे वाचायला शिका. बिस्कमध्ये वस्तूचे कपचे उडाले असतील तर पाणी. दांड्याच्या मुळाशी एकच सरळ चीर असेल तर जोड किंवा असमान सुकवणं. काठापासून खाली येणारी चीर म्हणजे काठ घाईने सुकला. चाकावरच्या भांड्याच्या तळाला नागमोडी चीर आली तर तळ नीट दाबला गेला नव्हता. पृष्ठभागावरून शंकूसारखा छोटा टवका उडून तळाशी पांढरा कण दिसला तर मातीत प्लास्टर किंवा चुनखडीचा खडा होता. प्लास्टरचे साचे वापरत असाल तर त्यांच्या आसपासची खरवडलेली माती पुनर्वापराच्या बादलीत जाऊ देऊ नका. ग्लेझ केलेल्या वस्तूच्या चिरेत ग्लेझ शिरून कड गोल झाली असेल तर चीर तापताना किंवा त्याआधी पडली. कड धारदार असेल तर थंड होताना. कड धारदार असते तेव्हा बहुधा कुणीतरी भट्टीचं झाकण लवकर उघडलेलं असतं. तापमान ५७३ अंशांच्या आसपास असताना मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान एकदम बदलतं, त्यामुळे चढताना आणि उतरताना तिथे सावकाश जायचं.

रंगांचा भ्रमनिरास

कच्चं ग्लेझ बादलीत गुलाबी दिसतं आणि भाजल्यावर निळं होतं. सहा वर्षांच्या मुलीला हे कितीही समजावलं तरी तिने गुलाबी घर रंगवलेलं असतं आणि तिला गुलाबीच घर हवं असतं. मुलांना अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या खाली लावायचे रंग, द्या, त्याचे रंग दिसतात तसेच बऱ्यापैकी राहतात. वरचं पारदर्शक ग्लेझ तुम्ही लावा. मोठ्यांसमोर ग्लेझच्या बादल्यांच्या नावांची यादी न ठेवता भाजलेले नमुने ठेवा, आणि तेही आपल्याच मातीवर, आपल्याच भट्टीतले.

तळ आणि त्यावरचे तीन ते पाच मिलिमीटर ग्लेझशिवाय राहिले पाहिजेत. मेण लावून ठेवलं तर काम सोपं होतं, तरी भट्टी भरताना प्रत्येक तळ ओल्या स्पंजने पुसाच. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी शिसं आणि कॅडमियम असलेली ग्लेझं वर्गात ठेवूच नका. शिसं नसलेलं ग्लेझसुद्धा ठरलेल्या तापमानाला पूर्ण वितळलं नाही तर खात्रीचं राहत नाही. फक्त बिस्क झालेली वाटी सच्छिद्र असते, तिच्यात पाणी टिकत नाही. हे घरी नेताना सांगा. आणि माती भाजून दहा-बारा टक्के आकसते हे घडवण्याआधी सांगा. दहा सेंटिमीटरचा कप हातात येतो तेव्हा नऊचाच असतो.

आईबाबांचे हात

कौटुंबिक सत्रात मूल दहाव्या मिनिटाला बाजूला बसलेलं दिसतं आणि बाबा जिभेचं टोक बाहेर काढून त्याची वाटी गोल करत असतात. रागावून उपयोग नाही. मोठ्यांनाही त्यांचा स्वतःचा गोळा द्या, प्रश्न निम्मा सुटतो. एकत्र काहीतरी हवंच असेल तर कामं वाटून द्या: एकाने तबकडी लाटायची, दुसऱ्याने ठसे उमटवायचे.

हीच खोड शिकवणाऱ्यांनाही असते. मुलाचं वाकडं घोडं ‘जरा नीट’ करून दिलं की ते त्याचं राहत नाही, आणि त्याला ते बरोबर कळतं. पाय सुटणार असेल तर जोड कसा करायचा ते दुसऱ्या तुकड्यावर दाखवा. फक्त मोठ्यांच्या गटात अडचण उलटी असते, ते सुरुवात करायलाच घाबरतात. त्यांच्यासमोर आपली सर्वात देखणी बरणी ठेवू नका. एखादी वाटी करून दाखवा आणि तारेने मधोमध कापा. भिंतीची जाडी आतून दिसते आणि वातावरणही सैल होतं.

झाडू नको

सुकलेल्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते. ती दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते, आणि वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. एकदा येणाऱ्या मुलाला धोका थोडा, रोज आवरणाऱ्या माणसाला मोठा. म्हणून फरशी ओल्या पोच्याने पुसा, टेबलं स्पंजने, आणि सुकी वस्तू कधीही कोरडी घासू नका. आवरायला शेवटची पंधरा मिनिटं वेळापत्रकातच धरा. मुलं स्पंज मिळाला की खुशीने पुसतात. हात आधी बादलीत धुवायचे आणि मगच नळाखाली, नाहीतर माती नळीत बसून घट्ट होते. बादलीतली माती खाली बसली की वरचं पाणी काढायचं आणि गाळ परत वापरायचा. भट्टी चालू असलेल्या बंद खोलीत वर्ग घेऊ नका, कारण भाजताना कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू निघतात.

हे कुणाचं आहे?

कागदी चिठ्ठी भट्टीत जळते, हे भट्टी उघडल्यावर आठवून काही होत नाही. नाव किंवा क्रमांक ओल्या तळावरच कोरून घ्या, आणि प्रत्येक वस्तूचा फोटो क्रमांकासह काढून ठेवा. एका गटात एकाच नावाची दोन-तीन मुलं असतातच, त्यामुळे क्रमांक बरा. वस्तू कधी मिळेल आणि किती दिवस सांभाळली जाईल, दोन्ही नोंदणीच्या वेळी लेखी द्या. हे न केलेल्या वर्गांत न नेलेल्या वाट्यांनी कपाटं भरलेली दिसतात आणि टाकायचा धीर कुणालाच होत नाही.

वस्तू फुटली असेल तर माणूस न्यायला येण्याआधी कळवा, का फुटली तेही सांगा. तिच्या जागी तुम्ही केलेली वाटी गुपचूप ठेवू नका. मुलं लगेच ओळखतात. पुढच्या सत्रात एक जागा आणि नवा गोळा द्या.