सुटी केलेली एमजीए विकायची असेल तर

सुट्या भागांत पडलेली जुनी ब्रिटिश गाडी विकायला काढलीत की सगळ्यात आधी येतो तो वजनावर भाव करणारा. त्याच्या मागोमाग येतो फक्त मीटर आणि स्टिअरिंग मागणारा. दोघांनाही नाही म्हणा. माझ्या वडिलांनी त्यांची एमजीए १५००, म्हणजे एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, स्वतः सुटी करून पुण्यात प्रभात रोडच्या गॅरेजात ठेवली होती. बंगला पुनर्विकासाला दिला तेव्हा ती मी विकली, अख्खी, एकाच माणसाला, जो ती पुन्हा उभी करणार होता. १९५५ ते १९६२ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा लाखभर गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इकडे आलेली एखादी तुमच्या घरात असेल तर तिचे तुकडे पाडून विकू नका. मीटर गेले की उरलेल्या गाडीला जाणता गिऱ्हाईक मिळत नाही.

आधी कागद. आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर घ्या. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतर. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्याआधी चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर घासून स्वच्छ करा, फोटो काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिनाच्या बाबतीत जास्तच जपा. एमजीए १५००चं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी-सीरिज. त्यामुळे जाणता माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार की हे इंजिन गाडीचंच कशावरून. ते बदललेलं असेल तर तुम्हीच आधी सांगा. २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही. घेणारा याचा विचार करूनच येतो.

आता खरं काम. सुटी गाडी घेणाऱ्याला गंजाची भीती नसते, गंज त्याला समोर दिसतो. त्याला धास्ती असते ती काय हरवलंय याची. म्हणून दोन याद्या करा, ‘आहे’ आणि ‘नाही’. ‘नाही’ची यादी पहिल्या पानावर. समोरची जाळी नाही, एक हेडलाइटची रिंग नाही, असं सरळ लिहा. मला चांगला गिऱ्हाईक मिळाला तो या पानामुळे. त्याने ते वाचलं आणि पुढच्या पानांवर विश्वास ठेवला.

मात्र ‘नाही’ लिहिण्याआधी गाडीला ती वस्तू मुळात होती का ते बघा. एमजीए रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीच्या, दाराला बाहेरून हँडल नसतंच, आत हात घालून दोरी ओढायची. वरखाली होणाऱ्या काचाही नसतात, सुटे पडदे असतात. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे बसतात, म्हणून तिथे दोन खाचा दिसल्या तर गोंधळू नका. वायरिंग ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर उत्साहाच्या भरात कोणीतरी उलटी बॅटरी जोडून बघेल.

डब्यांत भरताना जोड्या मोडू नका. दोन्ही एसयू कार्बोरेटरचे पिस्टन आणि त्यांच्यावरचे घुमट आपापल्या जोडीनेच जुळवलेले असतात. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप ज्याच्या त्याला परत लावून बोल्ट हाताने आवळून ठेवा. तारांची चाकं असतील तर मधल्या कानांच्या नटांवर डावा-उजवा लिहा, दोन बाजूंचे आटे उलट असतात. जुने बोल्ट गंजके दिसले म्हणून टाकू नका. त्यांचे आटे इंची आहेत आणि बाजारात सहज मिळणारा मेट्रिक बोल्ट त्यांच्या जागी बसत नाही. बरणी, बिस्किटांचा डबा, काहीही चालेल, फक्त आत कागदाची चिठ्ठी आणि बाहेर तोच नंबर हवा.

इंजिन जाम असेल तर जोर लावून फिरवू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि यादीत ‘जाम’ असं लिहा. हेड उतरलेलं असेल तर मशीन शॉपमधून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून आणा. मूळ माप ७३.०२५ मिलिमीटर आहे. आधी किती बोअर झालंय हे कळलं की घेणाऱ्याला खर्चाचा अंदाज येतो.

पत्र्यावर रंग मारू नका. नवा रंग बघून जाणकार दूर जातो. उंबऱ्याचे पत्रे, दारांच्या बाजूचे खांब, बॅटरीच्या चौकटी आणि चेसिसचे जोड यांचे जवळून फोटो द्या, भोकं असतील तर बोट ठेवून दाखवा. जमिनीच्या फळ्या प्लायवूडच्या असतात, त्या कुजल्या असल्या तरी जुन्या फेकू नका, नव्या कापायला माप म्हणून लागतात. एक गोष्ट सोबत नक्की सांगा. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. लोक लोहचुंबक घेऊन येतात, तो तिथे चिकटत नाही आणि त्यांना आत नुसती पुट्टी भरल्याचा संशय येतो.

चेसिसला चाकं लावून ती ढकलता येईल एवढी तयारी मात्र कराच. बॉडी वर ठेवून चार बोल्टांनी धरली तर फारच चांगलं.

किंमत ठरवताना तयार गाडीच्या भावाकडे बघून स्वप्नं रंगवू नका. डेंटर, इंजिन मिस्त्री आणि क्रोमवाला यांच्याकडून लेखी अंदाज घ्या, बाहेरून मागवायच्या भागांचा आणि ड्यूटीचा खर्च त्यात धरा, तो वजा करा, आणि घेणाऱ्याच्या कष्टांसाठीही काही सोडा. असा हिशोब समोर ठेवला की घासाघीस भावनेवर न होता आकड्यांवर होते. ‘सगळं मिळतं हो, किरकोळ काम आहे’ असं कोणालाही म्हणू नका. किरकोळ असतं तर तुमच्या घरातल्यानेच केलं असतं.

व्यवहार मे संपायच्या आत उरकायचं बघा. उघडा पत्रा पुण्याच्या पावसाळ्यात लगेच गंज धरतो, आणि ताडपत्रीखाली तर ओल जास्तच कोंडते. इसार घेतलात तर पावतीवर ‘जशी आहे तशी, सुट्या भागांत’ हे शब्द आणि दोन्ही याद्यांचा उल्लेख हवा. चेसिस आणि बॉडी फ्लॅटबेडवर, डबे छोट्या हत्तीत, काचा आणि मीटर घेणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीत. प्रत्येक डबा उतरवताना यादीवर खूण करा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. फॉर्म २९ची पोच जपून ठेवा, आणि आरसीवर नवं नाव चढल्याची प्रत हातात आल्याशिवाय ती फाइल बंद करू नका.