लिंबाची पानं आकसली? फवारणीआधी एवढं तपासा

परसातल्या कागदी लिंबाची पालवी बोकडली की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. पानं वाकडी होण्याची कारणं वेगवेगळी आणि उपायही वेगळे. सकाळच्या उन्हात भिंग घेऊन झाडापाशी उभं राहा.

१. कुठली पानं वाकडी आहेत? जून पानंही दुपारी मिटून सकाळी उघडत असतील, तर तो पाण्याचा ताण. बोटभर माती उकरून ओल पाहा. फक्त नवती बिघडली असेल तर बहुधा कीड.

२. पान उजेडाकडे धरा. चंदेरी नागमोडी रेषा दिसली की ती नागअळी. घरच्या लिंबावर बहुतेक वेळा हीच सापडते. ती पानाच्या पातळ पापुद्र्याखाली राहून आतलं खाते आणि कोषात जाताना पानाची कड दुमडून घेते. ती घडी नखानं उलगडा, आत पिवळसर अळी किंवा कोष मिळेल. अळी आत असल्यानं वरून मारलेलं साधं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मोठं झाड हे नुकसान सहज सोसतं, त्याला काहीही करू नका. पानंही तोडू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो. लहान रोपाला मात्र जपायला हवं: पालवी फुटू लागतानाच निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची आणि संध्याकाळी फवारायची. युरियाचा मारा टाळा, लुसलुशीत पालवीवरच ही अळी वाढते.

पावसाळ्यात याच जखमांतून खैऱ्या हा जिवाणूंचा रोग शिरतो. पिवळ्या वलयाचे खरखरीत, उंचवटलेले डाग दिसले तर त्या फांद्या कोरड्या हवेत छाटून जाळा.

३. रेषा नसेल तर पान उलटा. चिकटपणा, मुंग्यांची रांग आणि किडींचे घोळके म्हणजे मावा. पाण्याच्या जोरदार धारेनं तो बराचसा झडतो. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना करडे पट्टे आणि वाटीसारखं वर वळलेलं पान हे फुलकिड्यांचं काम.

शेंड्यावर चपटी पिवळी पिल्लं आणि पांढरे मेणचट धागे असतील तर सिला ही रस शोषणारी कीड. हिला हलक्यात घेऊ नका, ग्रीनिंग हा रोग हीच पसरवते. पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर न जुळणारे पिवळे चट्टे आले, तर फांदीचे फोटो घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

४. कीडच नाही? पानं बारीक, शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा असेल तर जस्ताची कमतरता. पानं अरुंद, पिळवटलेली आणि आसपासची टोमॅटो-वांगीही तशीच दिसत असतील, तर शेजारी बांधावर तणनाशक मारलं होतं का, विचारा.

पाण्याचा ताण सोडला, तर एकदा वाकडं झालेलं पान पुन्हा सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही, ते पुढच्या पालवीवरून ठरवा.