वापरलेल्या गाडीला योग्य क्षमतेचे टायर कसे बसवावेत

वापरलेली गाडी घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, रंग निरखतो, कागदपत्रं दोनदा तपासतो. टायरच्या बाबतीत मात्र नक्षी किती शिल्लक आहे एवढंच पाहिलं जातं. पुढे टायर बदलायची वेळ आली की दुकानात जाऊन "आत्ता आहेत तेच द्या" असं सांगून आपण मोकळे होतो. घोळ होतो तो इथेच. आत्ता गाडीवर असलेले टायर आधीच्या मालकाने निवडलेले आहेत. त्याने ते स्वस्त म्हणून घेतले असतील, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून रुंद घेतले असतील, किंवा दुकानात होते ते घातले असतील. गाडी बनवणाऱ्या कंपनीने कोणते टायर सांगितले होते, हे त्या टायरकडे बघून कळत नाही.

१. गाडीचा खरा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार उघडा आणि दार ज्या खांबाला टेकून बंद होतं तिथे बघा. बहुतेक गाड्यांत तिथे किंवा दाराच्या कडेवर एक छोटा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. टायरचं माप आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा भरायची ते त्यावर लिहिलेलं असतं. भार आणि वेगाचा निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन आणि वेग सोसतो ते सांगणारा आकडा आणि अक्षर, त्यावर नसेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

स्टिकर जागेवर नसेल, किंवा त्यावरून रंग मारलेला दिसला, तर तो खांब कधीतरी दुरुस्त झालेला असू शकतो. टायरचं काम बाजूला ठेवून त्याची आधी चौकशी करा.

स्टिकरवर दोन-तीन मापं असतील तर गोंधळू नका. एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला १५ इंची आणि वरच्या मॉडेलला १६ इंची चाकं दिलेली असतात. तुमचं मॉडेल कोणतं हे कागदपत्रांवरून ठरवा. मग कागद घेऊन गाडीभोवती फिरा आणि स्टेपनीसकट पाचही टायरवरचे आकडे उतरवून घ्या. चार चाकांवर तीन वेगळ्या प्रकारचे टायर निघाले तरी आश्चर्य वाटू देऊ नका. वापरलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं.

२. टायरवर लिहिलेलं वाचा

समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. इथपर्यंत दुकानदारही सांगतो. शेवटचे ८८ आणि एच मात्र बहुतेक वेळा कोणी उच्चारतही नाही, आणि टायरची क्षमता तर त्यांतच लिहिलेली असते.

३. भार आणि वेग: इथे घाई नको

८८ हा भार निर्देशांक. तो किलोचा आकडा नाही, ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ आणि ९५ म्हणजे ६९० किलो. म्हणजे ८८ क्रमांकाचे दोन टायर मिळून एका अॅक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीवर, ११२० किलो पेलतात, तेही टायरमध्ये पुरेशी हवा असेल तरच.

आता कोणी हिशेब मांडेल की माझ्या पुढच्या अॅक्सलवर फार तर १००० किलो येतात, म्हणजे एका टायरवर ५००, मग ८४ चा टायर का चालू नये? गाडी उभी असताना हा हिशेब बरोबर आहे. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. वळणावर ते बाहेरच्या चाकांवर येतं. भरल्या गाडीचं चाक खड्ड्यात आदळलं की क्षणभर त्या एकाच टायरवर कितीतरी जास्त भार पडतो. कंपनीने ठेवलेला वाव या क्षणांसाठी असतो, तो आपण वापरून टाकायचा नसतो. म्हणून स्वतःचा किमान आकडा काढत बसू नका. सांगितलेला निर्देशांक घ्या किंवा त्याहून वरचा. खालचा कधीच घेऊ नका.

कमी क्षमतेचा टायर लगेच फुटत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की चालतंय. रस्त्यावर फिरताना टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यातून उष्णता तयार होते. क्षमतेपेक्षा भार जास्त किंवा हवा कमी असेल तर दबणं वाढतं, तापणंही वाढतं, आणि रबर व आतल्या तारांचे थर यांची पकड हळूहळू सुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या कडक दुपारी, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना, सरळ रस्त्यावर वेगात तो टायर जातो.

एच हे वेगाचं अक्षर. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. (एच इंग्रजी वर्णक्रमात बसत नाही, तरी तक्त्यात त्याची जागा व्हीच्या अलीकडेच आहे.) "मी कधी शंभरच्या वर जात नाही, मला एच कशाला?" हा प्रश्न रास्त वाटतो. पण वेगाच्या अक्षरामागे टायरची उष्णता सोसण्याची ताकद आणि त्याची बांधणी असते. गाडीचं वळणं आणि ब्रेक लागणं कंपनीने ज्या बांधणीच्या टायरवर जुळवलं, तीच किंवा त्याहून वरची असू द्या. बर्फासाठीच्या हिवाळी टायरना काही देशांत यातून सवलत आहे, बाकी टायरना हाच नियम लावा.

टायरवर एक्सएल किंवा रीइन्फोर्स्ड असं लिहिलेलं असेल तर तो जास्त भार पेलणारा टायर आहे. मात्र ती पूर्ण क्षमता जास्त हवेवरच मिळते. साध्या टायरऐवजी एक्सएल घातलात तर हवा किती ठेवायची हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून विचारून घ्या.

४. माप बदललेलं असेल तर

आधीच्या मालकाने १५ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय घातलेली असतात. अशा वेळी आधी बाहेरचा व्यास जुळतो का ते काढा. रुंदीला उंचीच्या टक्क्यांनी गुणा, आलेल्या उत्तराची दुप्पट करा आणि त्यात रिमचा व्यास मिळवा, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर धरून. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो, १९५/५५ आर १६ चा ६२०.९. फरक नगण्य आहे, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर दाखवेल. याउलट त्याच १५ इंची रिमवर १९५/६५ चढवला तर व्यास ६३४.५ होतो, दोन टक्क्यांनी जास्त. काटा जितका वेग दाखवत होता त्यापेक्षा गाडी आता थोडी जास्त वेगाने पळेल. शिवाय स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता असते.

पण व्यास जुळला म्हणजे काम झालं असं नाही. १९५/५५ आर १६ हा टायर साध्या बांधणीत ८७ निर्देशांकाचा मिळतो, म्हणजे ५४५ किलोचा. गाडीला हवा होता ८८. टायर मोठ्या रिमचा, रुंद, दिसायला दणकट आणि तरी १५ किलोने कमी क्षमतेचा! याच मापात ९१ चा एक्सएल टायर मिळतो, तो भारात बसतो. शेवटचे दोन निर्देशांक वाचल्याशिवाय टायर घेऊ नका असं मी सांगतो ते यासाठी.

रिमही तपासा. आतल्या बाजूला ६ जे × १५ असं काहीतरी कोरलेलं असतं. सहा इंच ही रिमची रुंदी, आणि प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमवरच बसवायचा असतो. १८५/६५ आर १५ साठी ती ५ ते ६.५ इंच आहे. बाहेरून आणलेल्या अलॉय चाकांचे नटही बघा. नटचा बसणारा भाग शंकूसारखा, गोल किंवा सपाट असतो, आणि रिमच्या खाचेचा आकार तसाच असला पाहिजे. तो नसेल तर नट घट्ट वाटूनही पुढे सैल होतो. गाडीची मूळ चाकं मिळत असतील तर मी तरी तीच परत बसवेन.

५. जुने टायर काढण्याआधी त्यांच्याकडे नीट बघा

जुन्या टायरची झीज गाडीची अवस्था सांगते. मधला भाग झिजला असेल तर हवा कायम जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग सैल आहे. पृष्ठभागावरून तळहात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकांचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅबसॉर्बर तपासून घ्या. दोष आधी काढा. नाहीतर नवे टायरही काही महिन्यांत तसेच झिजतील.

६. खरेदी

टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही ओळ कधीकधी टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असते, तेव्हा दुकानात टायर उलटवून बघायला सांगा. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा टायर आहे, मग त्याची नक्षी कितीही खोल असो. गाडी फार न चालवणाऱ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीवर असे शाबूत दिसणारे म्हातारे टायर असू शकतात. बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर ते बदलाच.

नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. पावसात पाणी बाजूला सारायला एवढी खोली तोकडी पडते, म्हणून तिथवर वाट बघू नका.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते एका अॅक्सलवर एकसारखेच हवेत, आणि नवे टायर मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पाण्यावरून पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि बहुतेकांना ती सावरता येत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला मात्र चारही टायर सारखे आणि सारखेच झिजलेले लागतात.

७. बसवताना समोर उभे राहा

दुकानात टायर चढवण्याआधी प्रत्येक टायरवरचा निर्देशांक आणि तारीख स्वतः वाचा. चढवल्यावर तक्रार करून उपयोग नसतो. रबरी व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा. व्हॉल्व्हला हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला असेल तर तसं आधीच बजावा, कारण टायर उचकटताना तो तुटू शकतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर गाडी पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. एका बाजूला आउटसाइड असं लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर.

हवा भरल्यावर रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठलेली रेघ दिसते. चाक हळूहळू फिरवून ती बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एखाद्या जागी ती रिममध्ये बुडाली असेल तर टायर तिथे नीट बसलेला नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा. ही रेघ बघणारा ग्राहक क्वचितच भेटतो, पण गाडीची न संपणारी थरथर अनेकदा इथूनच सुरू होते.

बॅलन्सिंग प्रत्येक चाकाचं करा. चाक लावण्याआधी हबवरचा, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढला पाहिजे. नट आधी हाताने लावायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या पान्याने, पक्के करायचे. नुसत्या हवेच्या गनने आवळलेले नट वाटेत पंक्चर झाल्यावर साध्या पान्याने सुटत नाहीत.

८. घरी आल्यावर

टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर, स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर २२० केपीए असेल तर ते साधारण ३२ पीएसआय होतात. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर लांबच्या प्रवासाआधी तेवढी हवा करा.

अलाइनमेंट करून घ्या. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक लावणं आणि वळणं घेणं टाळा, नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो.

राहिली स्टेपनी. मूळ १५ इंची स्टेपनी आणि चाकांवर १६ इंची अलॉय अशी गाडी असेल, तर स्टेपनी लावायला लागणारे नट वेगळे असू शकतात. ते डिकीत आहेत का, हे आजच बघा. पातळ, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि तिच्यात हवा बहुधा ६० पीएसआय, म्हणजे बाकी चाकांच्या जवळजवळ दुप्पट लागते. चार टायरची हवा बघताना पाचव्याचीही बघून घ्या, आणि तिची तारीखही त्याच कागदावर उतरवा.