अडचणीतल्या घराला आधार: कसा उभा करायचा

"काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की आधीच थकलेल्या माणसावर मागण्याचंही काम पडतं. त्यापेक्षा "मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा धाकट्याला मी सांभाळते, चालेल?" असं विचारा. दिवस, वेळ, काम ठरलेलं असलं की 'हो' म्हणणं सोपं जातं आणि 'नको' म्हणणंही.

काय हवंय ते घरच्यांनी ठरवायचं. न्यूझीलंडच्या मुलांविषयीच्या १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. तिथे अधिकारी आधी माहिती देतात, मग खोलीबाहेर जातात आणि कुटुंब एकटं बसून योजना करतं. शेजाऱ्यांनीही तेच करावं: काय काय जमेल ते सांगा आणि उठा.

मग चार-पाच माणसं जमवा, एकाला समन्वय द्या. प्रत्येकाला आठवड्याला एकच काम, आणि त्याला एक बदली माणूस. वेळापत्रक निदान बारा आठवड्यांचं करा. पहिल्या आठवड्यात झुंबड उडते, महिन्याभराने कोणी फिरकत नाही, आणि नेमकी तेव्हाच घरातली ताकद संपलेली असते. पैसे द्यायचे तर देऊन टाका. उसने दिले की माणसं समोर यायला कचरतात. मदतीचे फोटो काढू नका.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एक टिकून राहणारा मोठा माणूस. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं मागोवा घेतला. बिकट परिस्थितीतली सुमारे एक तृतीयांश मुलं सावरलेली, कर्ती निघाली. त्यांच्या आयुष्यात असं कोणीतरी होतं, मग ते आजी-आजोबा असोत, शिक्षक असोत की शेजारी.

किशोरवयीन मुलाला समोर बसवून "काय झालंय?" विचारलं की तो गप्प होतो. सायकलचं पंक्चर काढायला सोबत घ्या. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना नजर हातातल्या कामावर असते, आणि बोलणं आपसूक निघतं. नाही निघालं तरी पुढच्या आठवड्यात त्याच वेळी जा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः कळवा, नवा दिवस सांगा.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र मुलाला कधीच देऊ नका. मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव देण्याची भाषा कानावर आली तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग मुलावर निघतो. जिवाला धोका वाटला तर मुलाला एकटं न सोडता लगेच आपत्कालीन मदत बोलवा.

घर सावरलं तरी येणं एकदम थांबवू नका. आठवड्यातून दोनदाचं एकदा करा, मग पंधरवड्यातून एकदा, आणि शेवटची तारीख मुलाला आधीच सांगून ठेवा.