जपानी चहाचा वाडगा वापरताना या चुका टाळा

हागीचा वाडगा पहिल्यांदा वापरला तेव्हा त्याच्या बुडाखाली टेबलावर ओलं कडं उमटलं. आपण फसलो, असं समजून विकणाऱ्याला चार खरमरीत ओळी लिहूनही झाल्या होत्या. पाठवल्या नाहीत, ते बरं झालं.

हागी हे जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाकडचं गाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सत्ताधारी मोरी घराण्याच्या आश्रयाने कोरियातून आणलेल्या कुंभारांनी तिथे भट्ट्या लावल्या. तिथली माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते, वरच्या ग्लेझला, म्हणजे काचेसारख्या लेपाला, केसासारख्या बारीक भेगा असतात. त्यातून पाणी झिरपतं, चहा मुरतो आणि वाडग्याचा रंग वर्षानुवर्षं पालटत जातो. ‘हागीची सात रूपं’ असं जपानी लोक कौतुकाने म्हणतात.

गळती कमी करायला तांदळाचं दाट धुवण घ्या. वाडगा त्यात पूर्ण बुडवून गार असतानाच गॅसवर ठेवा, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या, मग त्याच पाण्यात निवू द्या. तळाशी फडकं घाला, नाहीतर वाडगा पातेल्यावर आपटत राहतो. स्टार्च छिद्रांत बसतो. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करा.

राकूच्या वाडग्याला मात्र हा उपाय चुकूनही करू नका. क्योतोच्या चोजिरो या कुंभाराने चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी घडवले, त्या परंपरेतले हे वाडगे मऊ असतात, उकळले तर तडकू शकतात. बोटाने टिचकी मारली तर धड वाडगाही बद्द वाजतो, तेव्हा नुसत्या आवाजावरून तडा गेलाय असं ठरवू नका. आणि भुशाच्या धुरात काळे केलेले, राकू नावानेच विकले जाणारे शोभेचे वाडगे वेगळे. त्यात चहा प्यायचा की नाही, ते घडवणाऱ्यालाच विचारा.

कोरड्या वाडग्यात थेट चहा ओतणं ही नेहमीची चूक. आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. छिद्रं साध्या पाण्याने भरली की चहाचे डाग कमी धरतात, आणि गार मातीला एकदम गरम पाण्याचा धक्काही बसत नाही. माच्चाला, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीला, उकळतं पाणी लागतही नाही: दोन ग्रॅम पूड चाळून घ्यायची, सत्तर मिली पाणी, साधारण ८० अंश. गाठी होतात त्या न चाळल्यामुळे, वाडग्याचा त्यात दोष नाही.

धुताना आपली स्टील घासायची सवय आडवी येते. साबण छिद्रांत शिरतो आणि पुढच्या चहाला त्याचा वास लागतो. कोमट पाणी आणि हात, बस्स. घासणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच.

सगळ्यात महागात पडते ती वाळवण्याची घाई. वरून पुसला की वाडगा कोरडा दिसतो, पण तळाच्या कड्याला ग्लेझ नसतं आणि ओल तिथे दबा धरून असते. पुण्यातल्या जुलैत मी एका रात्रीनंतर वाडगा खोक्यात ठेवला. दहा दिवसांनी उघडला तर कुबट वास आणि कड्याभोवती पांढरी लव. हागीचा होता म्हणून साध्या पाण्यात मंद उकळून निभावलं. तेव्हापासून तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, वाडगा जाळीवर आडवा ठेवते. खोक्यात वाडगा गुंडाळायचं पिवळं कापडही आधी वाळवते. ते कापड पूर्वी चक्क हळदीत रंगवत, कीड लागू नये म्हणून!

कपचा उडालाच तर बाजारातल्या झटपट ‘किंत्सुगी’ (फुटकं भांडं सांधून सांध्यावर सोनेरी रेघ उमटवायची जपानी पद्धत) संचांच्या नादी लागताना जपून. खरं किंत्सुगी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने करतात आणि ते वाळायलाच कित्येक आठवडे जातात. संचात बहुधा इपॉक्सी हा रासायनिक गोंद असतो. त्याने सांधलेला वाडगा फडताळात ठेवा, त्यातून चहा पिऊ नका.