लग्नाचा ड्रेस बघायला जाताय? मग आधी हे वाचा

मी फिटिंगचं काम करते, म्हणजे घेतलेला लग्नाचा ड्रेस अंगावर नीट बसवून देणं. त्यामुळे ट्रायल रूममधलं रडणं, हसणं, रुसणं सगळं जवळून बघितलंय, आणि दरवेळी वाटतं की हिला कुणी आधी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर किती बरं झालं असतं. म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी वेळ. ऑर्डर देऊन बनवून येणाऱ्या ड्रेसला ४ ते ६ महिने सहज जातात, कधी त्याहूनही जास्त, आणि आल्यावर अल्टरेशनसाठी निदान दीड-दोन महिने हाताशी लागतात, म्हणून ८-९ महिने आधी बघायला लागलेलं बरं. तारीख जवळ आली असेल तर दुकानात गेल्या गेल्या सांगून टाका, मग ते तयार असलेलेच ड्रेस काढतील. नाहीतर काय होतं, तासभर घालून घालून एक आवडतो आणि मग कळतं की तो वेळेत येऊच शकत नाही.

बजेटचंही तसंच. जास्तीत जास्त किती, तो आकडा स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. आणि तो आकडा ठरवताना अल्टरेशन, वेल (डोक्यावरची जाळीची ओढणी), आतले कपडे, सँडल हे सगळं धरा, कारण अल्टरेशनचे पैसे बरेचदा ड्रेसच्या किमतीत नसतात. बजेटच्या खूप वरचा ड्रेस नुसता घालून बघते असं करू नका, एकदा तो अंगावर चढला की बाकीचे सगळे फिके वाटायला लागतात आणि मग घरी जाऊन वाद.

अपॉइंटमेंट साधारण एक-दीड तासाची असते. अर्धा तास उशिरा पोचलात तर तो अर्धा तास तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीच्या वेळातून जातो हे लक्षात असू द्या. जायचं रद्द झालं तर फोन करून कळवा, एवढं तरी कराच.

आता बरोबर कोणाला न्यायचं, कारण खरी गडबड इथेच होते. दोघं-तिघं पुरे. आठ जण आले की आठ मतं येतात आणि मुलगी आरशात स्वतःकडे बघायचं सोडून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सोबत आलेल्यांना मीच हात जोडून सांगते, आधी तिला बोलू द्या. ती बाहेर आली की पहिली दोन मिनिटं गप्प बसा, तिला कसं वाटतंय ते विचारा आणि मग तुमचं सांगा. सांगतानाही ड्रेसबद्दल बोला, तिच्या अंगाबद्दल नको. "या कटमध्ये कंबर नीट दिसत नाहीये" हे चालतं, पण "तुझे दंड जाड दिसतात" हे वाक्य ती लग्नाच्या दिवशीही विसरत नाही, खरंच नाही विसरत.

स्वतःच्या तयारीचं सांगते. ट्रायलचे ड्रेस सँपलचे असतात, तोच ड्रेस तुमच्यानंतर कितीतरी जणी घालणार असतात, आणि रेशीम किंवा मण्यांचं काम असलं की डाग सहजी निघत नाही. म्हणून त्या दिवशी फाउंडेशन, लिपस्टिक, अंगाला तेल किंवा लोशन काही नको, डिओ लावला असेल तर पूर्ण वाळू द्या. अंगठ्या, ब्रेसलेट घरी ठेवा, नेट आणि लेस त्यात अडकून उसवते. आतले कपडे स्किन कलरचे, बिनशिवणीचे घाला, एक स्ट्रॅपलेस ब्रा, केस वर बांधायला रबर आणि घालायच्या उंचीच्या हिल्स सोबत न्या. ड्रेसची चेन स्वतः ओढू नका, मदतनीस असते तिला लावू द्या. चहा-कॉफीचा कप ड्रेसच्या आसपासही नको.

साइजच्या नंबरवरून मन खट्टू करून घेऊ नका. लग्नाच्या ड्रेसचा नंबर बरेचदा रोजच्या कपड्यांपेक्षा एक-दोनने मोठा येतो, तो त्या कंपनीच्या तक्त्याचा नंबर आहे, तुमचा नाही. सँपल ढगळ असेल तर मागून क्लिपा लावून दाखवतात. ऑर्डर देताना छाती, कंबर, हिप यातलं जे माप तक्त्यात सर्वात मोठ्या साइजला जाईल ती साइज घ्या, कारण आत घेणं सोपं असतं आणि बाहेर सोडायचं तर आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, असेल तेवढंच सोडता येतं. बारीक होणार आहे म्हणून लहान साइज मागवणाऱ्यांचे ड्रेस शेवटच्या आठवड्यात माझ्यासमोर येतात आणि मलाच वाईट वाटतं.

घातलात की नुसत्या उभ्या राहू नका, बसून बघा, हात वर करा, कुणाला तरी मिठी मारा, पायऱ्या चढा.

फोटो काढायच्या आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही. फोटो काढून तसाच दुसरीकडे शिवून घ्यायचा ठरवून जात असाल तर कृपा करून नका जाऊ, दुकानात ड्रेस दाखवणाऱ्या मुलीचा तासभर फुकट घेतल्यासारखं होतं ते. नाही आवडलं तर नाही म्हणा, त्यांना सवय असते, फक्त ढीगभर ड्रेस काढायला लावून न सांगता निघून जाऊ नका. पाच-सहा ड्रेसनंतर तसंही डोकं चालत नाही. ॲडव्हान्स देताना रंग, साइज, मॉडेल नंबर, मिळायची तारीख आणि पैसे परत मिळतात की नाही, हे सगळं पावतीवर लिहून घ्या.

मग फिटिंगच्या दोन-तीन फेऱ्या होतील. दरवेळी तीच ब्रा, तेच सँडल आणा, कारण खालची उंची मी सँडलवरूनच धरते, सँडल बदलले की ड्रेस एकतर लोळतो नाहीतर आखूड होतो. शेवटच्या फिटिंगला, लग्नाच्या दोनेक आठवडे आधी, जी त्या दिवशी तुम्हाला तयार करणार आहे तिला घेऊन या. मागचा लोळणारा घोळ उचलून आतल्या बटणांना कसा अडकवायचा ते तिला मी दाखवते, तिच्याकडून एकदा करून घेते आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवायला सांगते.