रस्त्याचा ईआयए करताय? निदान या चुका टाळा

कोकणातल्या रस्त्यांच्या ईआयएचे, म्हणजे पर्यावरणीय परिणाम अहवालांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात. आखणी कुठलीही असो, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सड्याला, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराला, ओसाड समजणं. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), उपग्रहाच्या चित्रात तपकिरी पट्टा आणि एप्रिलमध्ये गेलात तर नुसता काळा कातळ. मग अहवालात ठरलेलं वाक्य येतं, 'उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत.' पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते, एवढं नियमात वाचून मंडळी मोकळी होतात. अहो, जांभ्याच्या सड्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं! ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे गेंद, सीतेची आसवं अशी रानफुलं असतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं वळवळत असतात. दिवाळीनंतर जाल तर यातलं काही दिसणार नाही.

आणि पाणी? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जोडरस्त्याच्या जनसुनावणीत एक आजी उठल्या. "सडा फोडलात तर खाली आमच्या झऱ्याला पाणी कुठनं येणार?" सल्लागार कंपनीचा मुलगा अहवालाची पानं उलटत राहिला. त्यात तालुक्याच्या बोअरवेलची सरासरी होती, झरा नव्हता. सड्यावर मुरलेलं पाणी जांभ्याखालच्या चिकट थरावर अडतं आणि उताराला झऱ्यातून बाहेर पडतं, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. अभ्यास नव्याने करायला सांगितला. पंधरा दिवसांची पायपीट वाचवायला गेले आणि अख्खं वर्ष घालवून बसले.

माझी सवय उलटी आहे. आधी वाडीत जायचं, मे महिन्यात पाणी कुठून भरता ते बायकांना विचारायचं आणि त्या झऱ्यापासून वर सड्यापर्यंत चालायचं. नकाशा त्यानंतर उघडायचा. पावसाळ्यातली एक फेरी कोणी मागितली नसली तरी करायचीच. 'गूगल अर्थवर सगळं दिसतं की सर' म्हणणाऱ्या नवख्यांना मी पहिल्यांदा छत्री आणायला सांगतो.

प्राण्यांची यादी जुन्या अहवालातून उचलू नका. कोकणच्या यादीत काळवीट दिसलं की मी पुढचं वाचत नाही.

पाण्याची मोरी दाखवून 'वन्यप्राण्यांसाठी मार्ग' असं लिहू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वाघांसाठी मुद्दाम रस्ता उचलून घेतलाय. त्यातला सर्वांत लांब भाग सुमारे ७५० मीटरचा आहे. गुडघाभर चिखलाच्या पाइपातून सांबर जाईल असं वाटत असेल तर आधी स्वतः जाऊन बघा.

मलबा कुठे टाकणार, खडी कुठली, डांबर प्लँट कुठे, हे 'ठेकेदार ठरवेल' म्हणून सोडणं ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट. घाटात डोंगर कापला की माती जवळच्या उतारावरूनच ढकलली जाते, पऱ्या (ओहोळ) बुजतो आणि पुढच्या पावसात ती भातखाचरात येऊन बसते. नुकसान रस्त्याच्या रेघेबाहेर होतं आणि अहवाल मात्र रेघेवरच थांबतो. जागा गटनंबरासह लिहा. ठेकेदार नंतर बदलेल, पण मग त्याला विचारायला हातात कागद तरी असेल.

सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस सगळेच देतात. तारीख ठरवताना मात्र शिमगा आणि भातलावणी बघत जा. रिकाम्या मांडवात 'कोणाचीही हरकत नाही' असं लिहिणारे मी पाहिलेत.